दैव पाचवे : प्राक्तन आणि क्रियमाण यांचा विचार

प्रस्तुत लेखात एका नित्याच्या, परंतु क्वचितच नीट तपासल्या जाणाऱ्या शब्दाचा विचार करावयाचा आहे. तो शब्द म्हणजे ‘नशीब’.

या विचारास निमित्त घडले ते असे. मागे एका यात्रेच्या वेळी एक उपदेशी गृहस्थ आपल्या मुलास घेऊन आमच्याकडे आले. मुलगा पदवीधर. राज्यसेवेच्या परीक्षेस तीन वेळा बसलेला आणि तिन्ही वेळा थोडक्यात हुकलेला. वडील कोरडवाहू शेतकरी. मुलाच्या बोटात नीलम खड्याची अंगठी होती. साडेसाती आहे, ती उतरेपर्यंत हाती काही लागणार नाही, असे कोणी ज्योतिषाने सांगितले, म्हणून हातउसने पैसे घेऊन ती केलेली. उपदेश घेतलेल्या घरात ग्रहशांतीचा खडा यावा याची लाज वडिलांच्या तोंडावर दिसत होती. मुलगा मात्र खाली पाहून बसला होता. बराच वेळ गेल्यावर तो म्हणाला, “बाबा, ज्योतिषी सांगतो की सगळे ग्रहांच्या हाती आहे. मी एक पुस्तक वाचले, त्यात सांगितले आहे की माणूस आपले नशीब सर्वस्वी स्वतःच घडवतो. ज्योतिषाचे खरे असेल तर अभ्यास कशाला करू? आणि पुस्तकाचे खरे असेल तर तीनदा अपयश आले हा सगळा माझाच गुन्हा. या दोन्हींत जगावे कसे?”

हा प्रश्न त्या एका मुलाचा नाही. घरोघर तो आज विचारला जात आहे आणि काही ठिकाणी तो न विचारताच मनात कुजत आहे. पहिले उत्तर माणसास आळशी करते, दुसरे अपराधी करते. यास्तव शास्त्र या विषयी काय सांगते हे क्रमाने पाहू.

१. शब्दविचार

आपण ‘दैव’, ‘भाग्य’, ‘नशीब’, ‘प्रारब्ध’, ‘प्राक्तन’, ‘अदृष्ट’ हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. परंतु प्रत्येक शब्द वेगळी गोष्ट सांगतो. ‘भाग्य’ हा शब्द ‘भाग’ म्हणजे वाटा यापासून झाला. अरबीतून मराठीत आलेल्या ‘नशीब’ या शब्दाचा मूळ अर्थही वाटा असाच आहे. म्हणजे दोन निरनिराळ्या भाषांनी या गोष्टीस एकच नाव दिले : वाट्यास आलेले. ‘प्राक्तन’ म्हणजे पूर्वीचे. ‘प्रारब्ध’ म्हणजे ज्याचा भोग सुरू झालेला आहे ते. ‘अदृष्ट’ म्हणजे जे कारण डोळ्यांस दिसत नाही ते.

या सर्व शब्दांत एक समान खूण आहे. ते सर्व मागील काळाकडे बोट दाखवतात. वाटा मिळून गेला, कर्म होऊन गेले, भोग सुरू झाला. यांपैकी एकही शब्द उद्याविषयी बोलत नाही. ‘माझ्या नशिबात पुढे काय आहे’ असे जेव्हा आपण विचारतो तेव्हा मागील काळाच्या शब्दाने पुढील काळ मोजू पाहतो. अर्धा घोटाळा या एका वाक्यातच आहे.

पुढील काळाशी ज्याचा संबंध आहे त्यास शास्त्रात निराळा शब्द आहे, तो ‘क्रियमाण’. क्रियमाण म्हणजे या क्षणी केले जात असलेले कर्म. आजचे क्रियमाण हेच उद्याचे प्राक्तन होय. शेतात आज उभे असलेले पीक मागील पेरणीचे, हे खरे. परंतु आज हातात असलेले बियाणे कोणत्या हंगामाचे म्हणावयाचे? ते ना मागचे, ना पुढचे. ते पेरणाऱ्याचे.

२. कर्मभूमीचे महत्त्व

श्रीचक्रधरस्वामींनी निरूपिलेल्या तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादि व स्वतंत्र मानले आहेत. जीव बद्धमुक्त, देवता नित्यबद्ध, प्रपंच अनित्य आणि परमेश्वर नित्यमुक्त. जीवाने केलेल्या कर्माची फळे त्यास भोगावी लागतात आणि ती भोगविण्याचा व्यापार देवतांकडे असतो. देवता स्वतः नित्यबद्ध असल्याने त्या मोक्ष देऊ शकत नाहीत. तो देणारा एक परमेश्वरच.

जीवाच्या वाट्यास येणाऱ्या गती चार : स्वर्ग, नरक, कर्मभूमी आणि मोक्ष. यांपैकी स्वर्ग व नरक ही भोगाची स्थळे होत. तेथे जमा झालेले खर्च होते, नवीन काही मिळवता येत नाही. नवीन कर्म घडते ते कर्मभूमीत, मनुष्यदेहात. आपल्या ज्ञातेजनांनी मनुष्यदेहास दुर्लभ म्हटले ते तो सुखाचा आहे म्हणून नव्हे. सुख स्वर्गात अधिक आहे. मनुष्यदेह दुर्लभ यासाठी की येथे काही करता येते.

हे ध्यानात घेतले म्हणजे ‘माझे नशीबच असे’ म्हणून हातपाय गाळणाऱ्या माणसाची चूक नेमकी कोठे आहे ते कळते. तो राहतो कर्मभूमीत आणि वागतो भोगभूमीत असल्यासारखा. जेथे पेरता येते तेथे बसून तो केवळ कापणीची वाट पाहतो. प्राक्तन नाही असे आपले शास्त्र म्हणत नाही. प्राक्तन आहे आणि ते भोगावेही लागते. परंतु कर्मरहाटीचे रहाट फिरत असता प्रत्येक पोहरा मागील पाणी घेऊन वर येतो आणि रिकामा होऊन पुन्हा खाली जातो. वर आलेल्या पोहऱ्यात किती पाणी आहे ते बदलता येत नाही. खाली जाणारा पोहरा कोठे बुडवावा हे मात्र मनुष्यदेही जीवाकडे ठेवलेले आहे.

३. गीतेतील पाच कारणे

दैव आणि प्रयत्न यांचे नाते सर्वांत स्वच्छ शब्दांत भगवान श्रीकृष्णांनी गीतेच्या अठराव्या अध्यायात सांगितले आहे. तेथे तेराव्या व चौदाव्या श्लोकांत कोणतेही कर्म सिद्धीस जाण्यास पाच कारणे लागतात असे सांगून त्यांची गणना केली आहे : अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. अधिष्ठान म्हणजे कर्माचा आश्रय, मुख्यत्वे शरीर. कर्ता म्हणजे करणारा. करण म्हणजे इंद्रिये आणि साधने. चेष्टा म्हणजे निरनिराळे व्यापार, खटपट. आणि पाचवे दैव.

या गणनेतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, दैव हे कारण आहे. त्यास वगळून चालत नाही. दुसरी, दैव हे पाचांतील एक कारण आहे. ते एकटे कधीही पुरेसे होत नाही.

शेतकऱ्याचे उदाहरण घेऊ. त्याचे धडधाकट शरीर आणि त्याच्या पायांखालची जमीन हे अधिष्ठान. तो स्वतः कर्ता. बैल, औत, तिफण, बियाणे ही करणे. नांगरणी, वखरणी, पेरणी, निंदणी या चेष्टा. आणि मृगाचा पाऊस हे दैव. पाऊस आला नाही तर उरलेली चारही असून पीक येत नाही. म्हणून शेतकरी आकाशाकडे पाहतो यात गैर काही नाही. परंतु पाऊस आला आणि शेत नांगरलेले नसेल तर? तोच पाऊस तण वाढवतो. पाऊस गावातील सर्व शेतांवर सारखा पडतो. ज्याचे शेत तयार असते त्याच्यापुरता तो ‘नशिबाचा पाऊस’ ठरतो.

आता हीच पाच कारणे त्या मुलाच्या परीक्षेस लावून पाहू. शरीर व आरोग्य हे अधिष्ठान. तो विद्यार्थी कर्ता. बुद्धी, ग्रंथ, वेळ ही करणे. वाचन, लेखन, उजळणी या चेष्टा. आणि त्या वर्षी किती जागा निघाल्या, प्रश्न कोणत्या भागावर आले, परीक्षा केव्हा झाली, हे सर्व दैव. याचे उदाहरण पुष्कळांच्या स्मरणात असेल. इसवी सन २०२० च्या एप्रिलमध्ये व्हावयाची राज्यसेवा पूर्वपरीक्षा महामारीमुळे पुन्हा पुन्हा पुढे जाऊन अखेर २१ मार्च २०२१ रोजी झाली. त्या वर्षभरात कोणाचे घरचे माणूस गेले, कोणाची शहरातील खोली सुटली, कोणाचा उत्साह संपला. यांत विद्यार्थ्यांचा अपराध कोणता? काहीही नाही. ते पाचवे कारण होते.

म्हणून त्या मुलास आम्ही प्रथम हेच सांगितले की तीनदा हुकल्याचा संपूर्ण दोष स्वतःकडे घेऊ नकोस. ते शास्त्रास धरून नाही. याच प्रकरणात पुढे सोळाव्या श्लोकात भगवंतांनी, जो केवळ स्वतःसच कर्ता समजतो त्यास यथार्थ दृष्टी नाही, असा अभिप्राय दिला आहे. आपण या वचनाचा उपयोग यशस्वी माणसाचा अहंकार उतरवण्यासाठी करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याची दुसरी बाजूही आहे. जे यशाच्या बाबतीत खरे तेच अपयशाच्याही बाबतीत खरे. ‘मी एकट्याने मिळवले’ हा जसा भ्रम, तसाच ‘मी एकट्याने घालवले’ हाही भ्रमच. ‘नशीब सर्वस्वी स्वतः घडवा’ असे सांगणारी पुस्तके पहिला भ्रम विकतात, आणि घेणारा दुर्बल असेल तर त्याच्या घरी दुसरा भ्रम पोचतो.

४. द्यूताची लीळा

या ठिकाणी लीळाचरित्राच्या एकांकातील एका प्रसंगाचे स्मरण होते. स्वामी भडोच येथे हरिपाळदेव या नावाने राहत होते, त्या काळातील हा प्रसंग. द्यूत खेळताना ते हरले आणि देणे झाले. ते फेडण्यासाठी त्यांनी पत्नीकडे अलंकार मागितले. तिने ते दिले नाहीत. अखेर पित्याने ते देणे फेडले. येथून उदासीनतेची प्रवृत्ती स्वीकारून रामयात्रेच्या निमित्ताने त्यांनी भडोच सोडले आणि पुढे श्रीक्षेत्र रिद्धपूर येथे श्रीगोविंदप्रभूंची भेट होऊन प्रसादाचा स्वीकार झाला.

या लीळेचा अर्थ लावताना साधकाने एक मर्यादा पाळली पाहिजे. परमेश्वराच्या ठायी कर्म नाही, म्हणून प्राक्तनही नाही. अवताराने हार स्वीकारली ती भोग म्हणून नव्हे, तर प्रवृत्ती म्हणून. जीवांसाठी मात्र तीत पुष्कळ बोध आहे. द्यूत हे दैवाचे उघडे रूप. फासा टाकल्यावर तो कसा पडेल यावर कोणाची सत्ता चालत नाही. हरलेला सामान्य जुगारी काय करतो? पुढच्या डावात भरून काढू म्हणून पुन्हा फासा उचलतो, किंवा नशिबास शिव्या देत घरी बसतो. पहिला दैवाच्या मागे धावतो, दुसरा दैवापुढे लोळण घेतो. दोघेही दैवाच्याच अंगणात राहतात. लीळेत दाखवलेला मार्ग तिसरा आहे : डाव सोडून उठणे आणि चालू लागणे. हार झाली ती झाली. परंतु त्या हारीने प्रपंचातील आप्तसंबंधांचे जे स्वरूप उघडे झाले ते पाहून पाऊल कोठे टाकावे, हे फाशाने ठरवले नाही.

अपयशाचा असा उपयोग करता येतो. अपयश हे प्राक्तन असेल. त्यापासून काय शिकलो हे क्रियमाण आहे.

५. म्हाइंभटांचे भाग्य

परमेश्वराच्या लीळेनंतर आता जीवाच्या बाजूचे उदाहरण पाहू. ते म्हाइंभटांचे.

सराळ्याचे म्हाइंभट हे सधन आणि व्युत्पन्न. शास्त्रांचा अभ्यास दांडगा आणि तितकाच विद्येचा अभिमानही. ते डोमेग्राम येथे स्वामींकडे आले ते शिष्य होण्यासाठी नव्हे, तर वादात जिंकण्यासाठी. तेथे त्यांचा अभिमान गळाला. लौकिक दृष्टीने पाहता त्या दिवशी म्हाइंभट हरले. परंतु आज सातशेहून अधिक वर्षांनी त्या काळी वादात जिंकलेल्या पंडितांची नावे कोणास आठवत नाहीत आणि त्या हरलेल्या पंडिताचे नाव मराठीतील आद्य चरित्रकार म्हणून घेतले जाते.

यास कोणी म्हाइंभटांचे भाग्य म्हणेल. ते भाग्य होते यात शंका नाही. परमेश्वर अवताराचे सन्निधान घडणे यापरते भाग्य कोणते? परंतु स्वामींचे सन्निधान अनेकांस घडले. पुढे काय घडले ते पाहिले पाहिजे. स्वामी उत्तरापंथे गेल्यानंतर रिद्धपुरी श्रीनागदेवाचार्यांच्या सहवासात राहून म्हाइंभटांनी स्वामींच्या लीळा एकत्र करण्याचे काम अंगावर घेतले. आचार्यांकडून त्या ऐकून घेतल्या. मग ज्यांनी ज्यांनी स्वामींस पाहिले होते त्यांच्याकडे गावोगाव जाऊन विचारले. एकाने एक सांगितले आणि दुसऱ्याने त्याहून निराळे सांगितले तेव्हा आपल्या मनाने एक ठरवून टाकले नाही, तर पाठभेद नोंदवले. असे करीत इसवी सन १२७८ च्या सुमारास, म्हणजे शके १२०० च्या आसपास, लीळाचरित्र आकारास आले.

यात दैव कोणते आणि चेष्टा कोणती हे निवडून काढता येते. स्वामींची भेट हे दैव. अभिमान टाकणे, आचार्यांपुढे बसणे, पायपीट करणे, ऐकलेले पडताळणे ही चेष्टा. आणि आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. म्हाइंभटांनी पूर्वी केलेला शास्त्राभ्यास वाया गेला नाही. जी विद्या जिंकण्यासाठी मिळवली ती जतन करण्यासाठी उपयोगी पडली. माणसाने केलेला कष्ट ज्या दारासाठी केला त्याच दारी फळास येईल असे नाही. तो दुसऱ्याच दारी उभा राहतो. तीन वर्षे परीक्षेचा अभ्यास करून जो इतिहास, जो कायदा, जे गणित या मुलाने आत्मसात केले, ते एका निकालाच्या कागदाने पुसले गेले असे समजणे हे हिशेबाच्या दृष्टीनेही चूक आहे.

६. योग्यता म्हणजे काय

आपल्या शास्त्रात ‘योग्यता’ या शब्दास मोठे स्थान आहे. परमेश्वराची कृपा ही जीवाच्या कमाईने विकत घेता येत नाही. तथापि ती झेलण्यास जीव योग्य व्हावा लागतो. ही परमार्थातील योग्यता आणि व्यवहारातील पात्रता या एक नव्हेत, याचे भान ठेवून, दृष्टांतापुरता तिचा विचार येथे करू. योग्यता कशाने वाढते?

पहिले, नित्यतेने. चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या परचक्रात पंथाच्या पोथ्या नष्ट झाल्या, लीळाचरित्राची मूळ प्रतही गेली. ग्रंथ पुन्हा उभा राहिला तो ज्यांनी तो मुखोद्गत केला होता त्यांच्यामुळे. हिराइसांचे नाव या संदर्भात आदराने घेतले जाते. पोथ्या जाणे हे दैव होते, आणि ते क्रूर होते. परंतु आदल्या दिवसापर्यंत जे नित्य स्मरण चालले होते ते कोणी उद्याच्या धाडीच्या भीतीने करीत नव्हते. ते नित्याचे होते, म्हणूनच संकटाच्या दिवशी हाताशी होते. ग्रंथ वाचला हे पंथाचे नशीब, असे म्हणणाऱ्याने त्या नशिबाखाली किती पहाटेंचे पाठांतर आहे ते पाहावे.

दुसरे, जिज्ञासेने. महदाइसांनी स्वामींस आणि पुढे आचार्यांस किती प्रश्न विचारले हे वाचकांस ठाऊक आहेच. त्या मागे बसून ऐकत राहिल्या असत्या तर पुष्कळ निरूपण आपल्यापर्यंत पोचलेच नसते. ज्यास विचारण्याची लाज वाटते त्याच्या जवळून ज्ञान निघून जाते आणि तो म्हणतो, मला कोणी सांगितलेच नाही. व्यवहारातही असेच आहे. नोकरी असो, धंदा असो, शेती असो, माहितगार माणसाकडे जाऊन ‘माझे कोठे चुकते’ असे विचारणारे थोडे. ‘माझ्या नशिबात काय आहे’ असे ज्योतिषास विचारणारे पुष्कळ. पहिल्या प्रश्नास उत्तर मिळते, पण ते कडू असते. दुसऱ्यास गोड उत्तर मिळते, पण त्याचे पैसे पडतात.

तिसरे, सत्संगाने. म्हाइंभट ज्यांच्या ज्यांच्याकडे गेले त्यांच्याकडे जाण्याआधी कोणापाशी काय मिळेल हे त्यांस ठाऊक नव्हते. न गेले असते तर काहीच मिळाले नसते. लोक ज्यास ‘योगायोगाने भेट झाली’ म्हणतात ती भेट घराबाहेर पडलेल्यालाच होते.

चौथे, फळाचा हिशेब बाजूस ठेवण्याने. ज्याचे सगळे लक्ष फळावर असते त्यास कर्मातील दोष दिसत नाहीत आणि आजूबाजूस उघडलेली दुसरी वाटही दिसत नाही. अनासक्ती ही केवळ विरक्तांसाठी आहे असा समज आहे. खरे पाहता प्रपंचातील माणसास ती अधिक लागते, कारण फळ चुकल्याचा घाव त्यास अधिक बसतो.

७. शंका आणि समाधान

शंका : आज मी जे करतो तेही पूर्वकर्मानेच ठरलेले असेल तर क्रियमाण स्वतंत्र कसे?

समाधान : सर्वच ठरलेले असते तर विधी आणि निषेध दोन्ही व्यर्थ झाले असते. हे करा, हे करू नका, असे त्यालाच सांगता येते ज्यास करण्याचे वा न करण्याचे स्वातंत्र्य आहे. दगडास कोणी उपदेश करीत नाही. सूत्रपाठात आचाराचे स्वतंत्र प्रकरण आहे हेच जीवाच्या ठायी कर्तृत्व असल्याचे प्रमाण होय. पूर्वकर्म कल देते, सक्ती करीत नाही. उतारावरून पाणी खाली जाते, परंतु शेतकरी बांध घालतोच.

शंका : मग योग्य प्रयत्न करूनही यश आले नाही तर तो प्रयत्न फुकट गेला असेच ना?

समाधान : नाही. प्रयत्नाची फळे दोन. एक बाहेर येते, ते पाच कारणांवर अवलंबून असते. दुसरे आत येते, म्हणजे करणारा बदलतो. धीर, शिस्त, जाण ही आतील फळे हुकत नाहीत. बाहेरील फळ पुढे किंवा निराळ्या रूपाने येईल वा येणारही नाही. शास्त्र खोटे आश्वासन देत नाही.

शंका : प्राक्तन खरे असेल तर दुःखी माणूस आपल्या कर्माचेच भोगतो आहे. आपण मध्ये का पडावे?

समाधान : ही शंका सर्वांत घातक आहे, म्हणून शेवटी घेतली. प्राक्तनाचा सिद्धांत स्वतःच्या दुःखास धीर देण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या दुःखावरून डोळे फिरवण्यासाठी नाही. सशाची लीळा आठवा. पारध्यांनी कुत्री सोडलेली, ससा जीव घेऊन धावत येऊन स्वामींच्या जानूखाली लपला. स्वामींनी त्या सशाच्या कर्माचा हिशेब काढला नाही. त्यास अभय दिले. आणि पारध्यांसही दूर लोटले नाही. त्यांस बोध केला, तेव्हा त्यांनी हिंसा सोडली. पाऊस बुडालेल्या शेतकऱ्याकडे पाहून ‘भोग आहेत’ म्हणणारा स्वतःचे क्रियमाण काय जमा करतो आहे याचा विचार त्याने करावा. त्याचे प्राक्तन ते त्याचे. परंतु त्याला पाहून मी काय केले, हे माझे.

या लीळेत आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. कुत्र्यांची धाव सशाच्या हाती नव्हती. स्वामी तेथे विराजमान होते हेही त्याच्या हाती नव्हते. परंतु तो धावला, आणि धावला तो योग्य दिशेस. एवढेच त्याचे होते आणि तेवढे त्याने केले.

८. उपसंहार : झोळी

भिक्षुकास हा विचार वेगळा शिकावा लागत नाही. आमचा आचारच तो शिकवतो. भिक्षेस निघताना घर निवडावयाचे नसते, पदार्थ मागावयाचा नसतो. झोळीत काय पडेल हे भिक्षुकाच्या हाती नाही. कोठे ताजी भाकरी मिळते, कोठे शिळा तुकडा, कोठे ‘पुढे जा’ एवढेच. ते दैव. परंतु वेळेवर उठणे, झोळी घेऊन निघणे, ती फाटकी नाही हे पाहणे आणि पुढील दारी मागील दाराचा राग घेऊन न जाणे, या चार गोष्टी दैवाच्या नव्हेत. त्या सर्वस्वी भिक्षुकाच्या आहेत. बिढारी बसून झोळीस दोष देणाऱ्याची झोळी कोणी भरीत नाही. आणि झोळी भरून परतलेल्याने ‘हे मी कमावले’ म्हणावे हेही हास्यास्पद, कारण प्रत्येक तुकडा दुसऱ्याच्या चुलीवरचा आहे.

संसारी माणसाचे जीवन याहून फार वेगळे नाही. नोकरी, धंदा, मान, पैसा हे सर्व कोणत्या तरी दारातून झोळीत पडते. दार उघडेल की नाही हे पाचवे कारण. उरलेली चार जितकी सांभाळता येतील तितकी सांभाळावीत, आणि त्या पाचव्याच्या नावाने ना रडावे, ना त्याच्याशी सौदा करावा. आपले नशीब आपण घडवतो या वाक्यात सत्य असेल तर ते इतकेच. ते कमी नाही.

त्या मुलाविषयी वाचकांस उत्सुकता असेल. आम्ही त्यास यश येईल असे सांगितले नाही, कारण ते आम्हांस ठाऊक नव्हते. एवढेच सांगितले, “बाळ, एका कागदावर पाच कारणे लिही आणि प्रत्येकापुढे आपले काय ते मांड. पाचव्यापुढची जागा कोरी ठेव.” पुढील यात्रेस तो पुन्हा आला. एकदा आणखी परीक्षेस बसला होता आणि तीही हुकली होती. वयाची मर्यादा जवळ आली म्हणून तालुक्याच्या गावी एका डाळीच्या गिरणीत हिशेबाचे काम धरले होते आणि संध्याकाळी गावातील पाचसहा मुलांस गणित शिकवीत होता. त्यांतील एक मुलगी त्या वर्षी दहावीस गणितात चांगली निघाली, हे सांगताना प्रथमच त्याच्या तोंडावर हसू दिसले. बोटात अंगठी नव्हती. ती मोडून वडिलांचे उसने फेडले, असे तो म्हणाला.

त्याने तो कागद आणला होता. चार कारणांपुढे बारीक अक्षरात पुष्कळ लिहिले होते, काही खोडले होते, काही नव्याने भरले होते. पाचव्यापुढची जागा कोरीच होती. आम्ही तो वाचून परत दिला आणि त्याने नीट घडी घालून खिशात ठेवला.